लहान मुलं असलेल्या मित्रांकडे जोडून सुट्टीत मुक्कामाला जावं का?

कात्रजपलीकडे (धागा सुरू केला)

२४ ते २६ जानेवारी अशी जोडून सुट्टी आली म्हणून आम्ही दोघं पुण्याहून कोल्हापूरला गेलो होतो. कॉलेजातली मैत्रीण, तिचा नवरा, साडेचार वर्षांचा मुलगा आणि चौदा महिन्यांची मुलगी. राजारामपुरीत छोटा फ्लॅट. महिनाभर आधीपासून तिनेच 'या, या' म्हणून लकडा लावला होता. पाहुणचारात काही म्हणजे काही कमी पडलं नाही. तरी परत आल्यापासून मला चैन नाही.

रविवारी तिने मटण केलं. तांबडा, पांढरा, सुकं, शिवाय मुलांसाठी चटणी पडायच्या आधी बाजूला काढलेला अळणी रस्सा. मी स्वयंपाकघरात डोकावले तेव्हा ती एका हाताने पंचातून नारळाचं दूध पिळत होती आणि दुसऱ्या हाताने कडेवरची धाकटी सावरत होती. बाळाने मान खांद्यावर टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. झोपायच्या खोलीत आमच्या बॅगा आणि माझा नवरा. 'दे, मी घेते' म्हटलं तर बाळ माझ्याकडे येईना. रात्री साडेअकरापर्यंत गप्पा रंगल्या आणि पहाटे साडेपाचला नळाला पाणी आलं तेव्हा उठली तीच. थोरल्याने त्याचा पलंग आम्हाला दिला होता, तो तीन रात्री खाली गादीवर झोपला.

माझं मत पक्कं झालंय. धाकटं मूल तीन वर्षांचं होईपर्यंत त्या घरी मुक्काम करू नये. गावाला जावं, लॉजवर उतरावं, त्यांच्या सोयीने दोन तास भेटावं आणि जेवण बाहेर घ्यावं. तुम्हाला काय वाटतं?

उत्तरेश्वर पेठ

ताई, भावना समजली, पण तोडगा पटला नाही. गावात घर असताना लॉजवर उतरलात तर कोल्हापुरात ते जिव्हारी लागतं. 'आमच्याकडं काय कमी हुतं?' हेच पहिलं तोंडात येतं, आणि ते मनापासून येतं. आमच्यात पाहुणा आला म्हणजे घरच्या पोरांनाही सण असतो. एरवी नऊला झोपणारं पोर त्या दिवशी अकरापर्यंत जागतं, आणि तेच त्याला पुढं कैक दिवस आठवतं.

आणि एक. कडेवर बाळ घेऊन रांधणं पाहुणे नसतानाही रोज चालतंच. तुम्ही ते पहिल्यांदा जवळून पाहिलंत, एवढंच.

दोन पिल्लांची आई

मी धागाकर्तीच्या बाजूने. रोज चालतं ते वरणभात-भाजीचं. पांढरा रस्सा म्हणजे खोबरं खवा, वाटा, दूध काढा, खसखस-काजू वाटा, आणि दूध फुटू नये म्हणून शेवटी भांड्यापाशी उभं राहून ढवळत बसा. त्याच वेळी एक मूल पायाशी रडतंय आणि बाहेरच्या खोलीत चौथ्यांदा चहा हवाय. धाकटा आठ महिन्यांचा असताना आमच्याकडे असेच पाच जण तीन दिवस राहून गेले. माणसं प्रेमाची, सगळ्यांना मीही हवीशी होते. पण त्या तीन दिवसांत मी त्यांच्याशी सलग दहा मिनिटं बोलले नाही. ती गेल्यावर मी रडले, कारण भेट झालीच नव्हती.

उत्तरेश्वर पेठ, एक विचारते, रागावू नका. तुमच्या घरी खोबरं कोण वाटतं?

उत्तरेश्वर पेठ

रागवायचं काय त्यात. बायको वाटते. मटण मी आणतो, कांदे चिरून देतो आणि बाहेर येऊन बसतो. तुमचं वाचून हे लिहिताना बरं वाटत नाही. पण ताई, दोष निघाला माझा, मग शिक्षा मैत्रीला का? इथल्या खानावळीतून रस्सा डब्यात मिळतो, भाकरी मिळते. पाहुण्यांनीच जाऊन ते आणावं आणि घरमालकानं वाढावं. त्यासाठी लॉज कशाला?

विद्यापीठ रोड

मला पलीकडची बाजू मांडायची आहे. आमचं मूल दीड वर्षाचं आहे. ते झाल्यापासून मित्रांनी 'तुम्ही गडबडीत असाल' म्हणून येणं सोडलं. चांगल्या मनानेच सोडलं. वर्षभरात आमच्याकडे मुक्कामाला एकही मित्र आलेला नाही. दोन तासांच्या भेटीत काय होतं? मूल अनोळखी माणसं बघून पहिला तासभर रडतं, दुसऱ्या तासात जरा रुळतं, तोवर तुम्ही चपला घालता. खऱ्या गप्पा मूल झोपल्यावर रात्री दहाला सुरू होतात, आणि लॉजवरचा मित्र त्या वेळी तिथे नसतो.

मला घर आवरलेलं नसताना आलेला मित्र हवा आहे. जेवायला पिठलं असेल. चालेल का, एवढं त्याने आधी सांगावं.

मिरजेची नर्स

मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून माझा मुद्दा वेगळा. कुठे राहता यापेक्षा काय घेऊन जाता ते बघा. मोठ्यांची साधी सर्दी तान्ह्या बाळाच्या छातीत उतरू शकते. घसा खवखवत असेल तर गाडीचं तिकीट रद्द करा, मैत्रिणीला वाईट वाटलं तरी. गेल्यागेल्या हात धुवा. बाळाचा मुका घेऊ नका, आणि थोरल्याला 'काकाला पापी दे' म्हणून ढकलू नका. तो नाही म्हणाला तर नाही.

बाहेर काय खायला-प्यायला घातलंत, तेही सांगा.

कात्रजपलीकडे

सांगते. शनिवारी संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो होतो. समोर म्हैस, समोरच धार, फेसाने भरलेला पेला. थोरल्याने दोन घोट घेतले आणि ओठावर पांढरी मिशी घेऊन सगळ्यांना दाखवत फिरला. सोमवारी अंबाबाईला गेलो आणि तिथे चूक झाली. गाभाऱ्याच्या रांगेत तासभर उभे राहिलो, पोर तहानेने कावलं. मुखदर्शन घेऊन निघायला हवं होतं.

मिरजेची नर्स

कट्ट्यावरच्या दुधाची गोडी मलाही ठाऊक आहे, पण लहान मुलांना न उकळलेलं दूध देऊ नका. कच्च्या दुधातून क्षयाचे, ब्रुसेलाचे जंतू येऊ शकतात. धार काढताना मुलांनी जरूर बघावं. प्यायला घरी नेऊन उकळून द्या.

किल्लेवेडा, सांगली

पन्हाळ्याला गेला नाहीत? जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. शहरापासून २० किलोमीटर. मुलांना घेऊन सकाळी सातला निघा, नऊच्या आत अंबरखान्यात असा. गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं. आत गार अंधार, मुलं ओरडतात आणि आवाज घुमून परत येतो. माझी भाची तिथून हलेना. मुक्काम मित्राकडे असेल तरच हे जमतं, कारण मुलं उठल्याउठल्या निघता येतं. लॉजवरून येऊन, चहा घेऊन निघेपर्यंत दहा वाजतात आणि वर गाड्यांची रांग लागलेली असते.

दोन पिल्लांची आई

सकाळी सातला दोन मुलांचं आवरून, दुपट्यांची पिशवी, भाताचा डबा, पाण्याच्या बाटल्या भरून कोण देणार? तो एक किल्ला चढायला त्या घरातलं कुणीतरी पाचला उठतं. हे कुणीच मोजत नाही, याचंच मला दुःख आहे.

कात्रजपलीकडे

सगळं वाचलं. विद्यापीठ रोड यांचं वाचून मी थांबले. लॉजचा हट्ट सोडते, पण दोन पिल्लांची आई म्हणतात ते सोडणार नाही. शेवटी तिलाच फोन केला आणि विचारलं, 'खरं सांग, त्रास झाला ना?'

ती म्हणाली, मटणाचा झाला. तुमचा नाही.

मग तिने २५ तारखेच्या रात्रीची आठवण काढली. कोल्हापुरात २६ जानेवारीला घरोघरी जिलेबी येते, आदल्या रात्रीच चौकाचौकात कढया चढतात. धाकटीला माझ्या नवऱ्यापाशी झोपवून आम्ही दोघी थोरल्याला घेऊन खाली गेलो होतो. कारागीर कापडातून पिठाची वेटोळी सोडत होता आणि थोरला प्रत्येक वेटोळं मोजत होता. परतताना गरम पुड्याने त्याचा हात भाजू नये म्हणून तिने तो स्वतःच्या ओढणीत गुंडाळून दिला. ती म्हणाली, बाळ झाल्यापासून रात्री दहाला मी रस्त्यावर हात मोकळे सोडून चाललेच नव्हते.

१ मे शुक्रवारी येतोय. मी मेसेज केला, 'येतो. रस्सा-भाकरी खानावळीतून आम्ही आणू, पहाटेचं पाणी माझा नवरा भरेल, बॅगा बाहेरच्या खोलीत.' तिचं उत्तर आलं, 'या. थोरला विचारतोय, पलंग परत काकालाच द्यायचा की ह्या वेळी तो मधे झोपला तर चालेल?'