‘रन आउट ऑफ’ कसं वापरायचं? माल संपला की आपण?

हिरवा_बेदाणा (सांगली)

नमस्कार मंडळी. मी मार्केट यार्डात बेदाण्याच्या एका पेढीवर काम करते. केरळ-तामिळनाडूकडच्या गिऱ्हाइकांशी हिंदीत जमत नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर सगळा व्यवहार इंग्रजीत, आणि ते काम माझ्या गळ्यात. परवा कोचीच्या व्यापाऱ्यानं हिरवा लांब बेदाणा मागितला. श्रावण तोंडावर, त्या प्रतीचा एक बॉक्स शिल्लक नाही. मी लिहिलं, ‘द ग्रीन रेझिन्स हॅव रन आउट.’ मालकांनी पाठवायच्या आधी ते ‘वी हॅव रन आउट ऑफ ग्रीन रेझिन्स’ असं करायला लावलं. दिवाणजी म्हणाले दोन्ही चूक, ‘ग्रीन रेझिन्स आर रन आउट’ पाहिजे.

माल संपला तर मधे ‘वी’ कशाला? आम्ही थोडंच संपलोय! आणि ते ‘ऑफ’ कधी लावायचं, कधी नाही? रोजच्या बोलण्यातली वाक्यं देऊन सांगा. व्याख्या नको, ती डोक्यावरून जाते.

स्क्वेअर_लेग

विजय हजारेंचं जन्मगाव हे, स्मृती मानधना वाढली ती इथंच. अशा गावात रनआउटचा दुसरा अर्थ विचारताय? दिवाणजींचं वाक्य वाचून तर सगळे बेदाणे क्रीजबाहेर सापडल्यासारखे वाटले.

मिरजेचे_मास्तर

यांनी थट्टा केली, पण दिवाणजींचं उत्तर त्यातच आहे. फलंदाज ‘इज रन आउट’ होतो, कारण त्याला दुसरं कुणीतरी बाद करतं. ‘द फील्डर रॅन हिम आउट’ असंही म्हणता येतं. बेदाण्याला कुणी बाद केलेलं नाही, तो विकता विकता संपला. तिथं ‘आर’ चालत नाही, ‘हॅव’च हवं. तुमचं आणि तुमच्या मालकांचं, दोन्ही वाक्यं बरोबर.

आता ‘वी’चं. आपण मराठीत संपणाऱ्या वस्तूबद्दल बोलतो: साखर संपली, गॅस संपला. इंग्रजीत तसं बोलता येतं, तेव्हा ‘ऑफ’ लागत नाही: ‘द शुगर हॅज रन आउट.’ पण बोलण्यात जास्त करून ज्याच्याकडची वस्तू संपली तो पुढं येतो आणि वस्तू ‘ऑफ’नंतर जाते. चहाचं आधण ठेवलं आणि डबा रिकामा निघाला, तर ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर.’ पाहुण्यांपुढं भडंगाची दुसरी ताटली ठेवायची आणि पिशवीत नुसते शेंगदाणे उरलेत, ‘वी हॅव रन आउट ऑफ भडंग.’ (सांगलीत ही वेळ यावी हेच वाईट.)

हा पुढं येणारा माणूसच असला पाहिजे असंही नाही. अंकलीच्या पुलाजवळ गाडी बंद पडली, ‘द बाइक रॅन आउट ऑफ पेट्रोल.’ आपण गाडीतलं पेट्रोल संपलं म्हणू, इथं गाडीच कर्ता झाली. पंप, दुकान, अख्खं गावही चालतं. २०१९ च्या महापुराबद्दल बाहेरगावच्या कुणाला सांगायचं झालं तर ‘पेट्रोल पंप्स वेअर रनिंग आउट ऑफ पेट्रोल’ असं म्हणाल. ‘रनिंग’ म्हटलं की अजून संपलेलं नाही, संपत आलंय.

एका ठिकाणी मात्र माणूस पुढं आणू नका. विमा, लायसन्स, भाडेकरार, व्हिसा यांची मुदत संपते तेव्हाही ‘रन आउट’च, पण विमाच कर्ता: ‘माय इन्शुरन्स रन्स आउट ऑन ३१ मार्च.’ ‘आय हॅव रन आउट ऑफ इन्शुरन्स’ असं म्हणत नाहीत. उलट धीर किंवा वेळ संपला तर दोन्ही चालतं: ‘वी आर रनिंग आउट ऑफ टाइम’, ‘टाइम इज रनिंग आउट.’

आणि आपल्या ‘संपणे’ला फसू नका. मीटिंग संपली, सिनेमा संपला, शाळा संपली, इथं ‘रन आउट’ नाही. साठा असतो, तो वापरून किंवा विकून खलास होतो, नाहीतर वर सांगितल्यासारखी मुदत किंवा वेळ संपते, तिथंच ते शोभतं.

अजून एक. रन, रॅन, रन. ‘हॅव’नंतर तिसरं रूप. पेपर तपासताना ‘हॅव रॅन आउट’ची लाल पेनानं केलेली वर्तुळं अजून डोळ्यांपुढं येतात.

पलूसचा_पोरगा (मुक्काम मँचेस्टर)

मास्तर म्हणत्यात ते खरं. मी इथं हॉटेलच्या किचनमध्ये आहे, दिवसातनं कितींदा तरी हे कानावर पडतं. पण पूर्ण वाक्य बोलायला कुणाला वेळ असतोय? कोथिंबीर संपली तर ‘वी आर आउट ऑफ कोरिअँडर’, ‘रन’ गायब. संपत आली की आधीच ओरडायचं, ‘रनिंग लो ऑन कोरिअँडर!’ तिथं मात्र ‘ऑन’, ‘ऑफ’ न्हवं. आणि गिऱ्हाइकानं मागितलेली डिश नसंल तर नुसतं ‘सॉरी, वी हॅव रन आउट.’ काय संपलं ते दोघांनाबी ठाऊक असतंय, मग ‘ऑफ’ बी नको आणि डिशचं नावबी नको. ताईंच्या व्यापाऱ्यानं बेदाणाच मागितलाय, त्यांनी एवढंच लिहिलं असतं तरी भागलं असतं.

गॅरेजवाला_विश्रामबाग

आम्ही तर सरळ ‘ऑइल ओव्हर’, ‘पेट्रोल ओव्हर’ म्हणतो. कुणाचं अडत नाही.

मिरजेचे_मास्तर

भारतात नाही अडणार. कोचीच्या व्यापाऱ्यालाही ‘स्टॉक ओव्हर’ कळेल, बहुतेक तोही तेच लिहीत असेल. मला त्यात पाप वाटत नाही. फक्त पलूसच्या पोराच्या किचनमध्ये ‘कोरिअँडर इज ओव्हर’ म्हणून बघा, सगळे तोंडाकडं बघत राहतील. तिकडं मॅच ओव्हर होते, कोथिंबीर नाही.

हिरवा_बेदाणा (सांगली)

सगळ्यांचे आभार. दिवाणजींना स्क्रीनशॉट दाखवला, ‘क्रिकेटचं पटलं’ म्हणाले. अजून दोन शंका. मालक आता म्हणतात ‘सोल्ड आउट’ लिही, ते जास्त भारी वाटतं. आणि १५ किलोचे पुठ्ठ्याचे बॉक्सही संपत आलेत, त्यांनाही ‘सोल्ड आउट’ म्हणायचं का?

मिरजेचे_मास्तर

बेदाणा तुम्ही विकता, म्हणून ‘द ग्रीन रेझिन्स आर सोल्ड आउट’ अगदी चपखल. इथं ‘आर’ चालतं बरं का, कारण माल कुणीतरी विकला आहे. दिवाणजींना तेवढंच समाधान. व्यापाऱ्याला त्यातून मालाला उठाव आहे हेही कळतं, मालक मुरलेले दिसतात. पुठ्ठ्याचे बॉक्स तुम्ही विकत नाही, वापरता. त्यांचं ‘वी आर रनिंग आउट ऑफ कार्टन्स.’ हे वाक्य बॉक्सवाल्याला पाठवा, कोचीला नको. नाहीतर तो माल वेळेत निघेल का म्हणून फोन करत बसेल.

स्क्वेअर_लेग

मास्तर, आता खरोखरची शंका. काल एका गोष्टीत वाचलं, ‘ही रॅन आउट ऑफ द शॉप.’ म्हणजे त्याच्याकडचं दुकान संपलं?

मिरजेचे_मास्तर

दुकानातून पळत बाहेर आला. जागेचं नाव आलं की पाय खरोखरचे पळतात.