पेशंट गेल्यावर ब्युरोच्या मावशींना आधार कसा द्यायचा?

दादर_ब्युरो: घरी पेशंट सांभाळायला आम्ही मावश्या पाठवतो. 12 आणि 24 तासांच्या ड्युटीवर 40 जणी आहेत. पेशंट वारला की काहीजणी फोनच उचलत नाहीत. समुपदेशक ठेवणं परवडत नाही. काय करता येईल?

परळची_सिस्टर: त्याच रात्री नवी ड्युटी लावू नका. एक दिवस मोकळा द्या, तोही भरपगारी. बिनपगारी सुट्टी शिक्षाच वाटते. फोन दुसऱ्या दिवशी, ती स्वतःच्या घरी असताना. नव्या पेशंटच्या घरी केलात तर नातेवाईक ऐकत असतात, मग ‘बरी आहे मॅडम’च्या पुढे काही येत नाही. ‘कशी आहेस?’ नको, ‘शेवटचा दिवस कसा गेला, घरचे काही बोलले का?’ विचारा. मनात बहुधा एकच टोचत असतं: नळीने भरवताना माझंच काही चुकलं का? अशा वेळी चार्ट उघडा. किती वाजता, किती मिली, डोकं किती उंच होतं, हे सोबत बसून वाचा. कोरड्या धीरापेक्षा हे पोचतं.

रात्रपाळी: 24 तासवालीचं आधी झोपेचं बघा. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची म्हणजे रात्रभर तुकडेच. दुपारी सलग 4 तास घरच्यांपैकी कोणीतरी बसेल, हे करारातच लिहा. तोंडी ठरलेलं आठवडाभरही टिकत नाही.

कुर्ला_लोकल: ड्युटी कार्डामागे 14416 छापा. टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मोफत, 24 तास, मराठीतही. पण कोणी अंगाला हात लावत असेल तर ते समुपदेशनावर ढकलू नका, आधी तिला तिथून काढा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात घरसुद्धा कामाची जागा आहे. लेखी तक्रार 3 महिन्यांच्या आत. 40 जणी म्हणजे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती तुम्हाला लागतेच. आहे ना?