वर्गातल्या मुलांचा राग फेसबुकवर काढावा का? आमच्या शाळेत प्रकरण तापलंय

खाडीपलीकडची बाई
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात शिकवते, शाळेचं नाव देत नाही. आमच्याकडच्या एका सरांनी सातवीतल्या मुलाच्या भूगोलाच्या पेपरचा फोटो फेसबुकवर टाकला. नाव झाकलं होतं. प्रश्न होता मतलई वारे कधी वाहतात, पोराने लिहिलं "पहाटे होडी भायर काडतत तेवा". सरांनी वर लिहिलं की वर्गात झोपा काढायच्या, उलट उत्तरं द्यायची आणि पेपरात हे दिवे. संध्याकाळपर्यंत तो फोटो वाडीच्या ग्रुपवर आणि रात्री मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर. आमच्याकडे सातवीत मुलं ती किती, अक्षर बघूनच सगळ्यांना कळलं कोण ते. पोरगा शाळेत यायचा बंद झालाय आणि त्याचा काका ऑफिसात येऊन नको नको ते बोलून गेला.

आता स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. मला सरांचं वागणं पटत नाही पण त्यांचा वैताग खोटा नाहीये हो, तो मुलगा खरंच वर्गात फार त्रास देतो, वही नाही, पुस्तक नाही, काही विचारलं की मागच्या बाकावरून शिट्टी. तुम्ही काय करता अशा वेळी? हे बोलायचं कुठे?

सड्यावरचा मास्तर
सरांच्या बाजूनेही कोणीतरी बोला. दहावीच्या निकालात कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं, 2025 ला 98.82 टक्के, त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं इथली पोरं म्हणजे आयती गुणी आहेत, मास्तराला काय काम. इथे निम्म्या मुलांचे आईबाप मुंबईला, घरी आजी, पालकसभेला ती येणार आणि म्हणणार "तुमीच काय ता बघा". हात लावायचा नाही हे मला मान्य आहे, मीही लावत नाही, पण मग त्या बदल्यात आम्हाला दिलं काय? समुपदेशक आहे का गावात एखादा? दोन वर्ग एकत्र घ्या, मधेच ऑनलाइन माहिती भरा, पोषण आहाराचा हिशोब ठेवा, निवडणूक आली की बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम करा, आणि एवढं करून मागून शिट्टी ऐका. वर सांगून कोणी ऐकत नाही म्हणून माणूस फेसबुकवर जातो. लिहिलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

रापणकर
मास्तर, तुमचा सगळा मान्य, पण त्या पोराचा उत्तर कोणी नीट वाचला काय? मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातत, रात्री आणि पहाटे. जुने लोक शिडाच्या होड्या त्याच वाऱ्यावर भायर काढायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे. म्हणजे त्याने बरोबर लिहिलंय! पुस्तकातली भाषा नाही एवढंच. आणि झोपेचं म्हणाल तर आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली की बारकी पोरं पण काळोखात दोर ओढायला येतात, कोपराला खवले चिकटलेले तसेच शाळेत जातात. तो येतो का ते मला माहीत नाही, पण विचारा तरी एकदा. मला फार वाईट वाटलं हे वाचून. ज्या एका प्रश्नाचं त्याला घरचं ज्ञान होतं त्यावरच तो अख्ख्या मुंबईसमोर हसण्यावारी गेला.

माजी केंद्रप्रमुख, रत्नागिरी
आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम 17 सगळ्यांना "छडी बंद" एवढंच आठवतं, त्यात मानसिक त्रासही आहे. पेपरचा फोटो टाकून चारचौघात हसं करणं हा त्रासच झाला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापराबद्दलचं राज्य सरकारचं जुलै 2025 चं परिपत्रकही वाचून ठेवावं.

नाव झाकलं की झालं हा मोठा गैरसमज आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका शिक्षिकेने ब्लॉगवर आपल्या मुलांना आळशी, उद्धट म्हटलं होतं, स्वतःचं पूर्ण नाव नाही, शाळेचं नाव नाही, तरी 2011 मध्ये मुलांनी तो शोधलाच. निलंबन झालं, पुढे नोकरी गेली आणि 2015 ला अपील कोर्टानेही शाळेचीच बाजू घेतली, कारण पालक तिच्या वर्गात मुलं बसवायलाच तयार नव्हते. तेवढ्या मोठ्या गावात ही गत, तर आपल्या वाडीत काय लपणार!

सड्यावरचे मास्तर, तुम्ही जे लिहिलंत, बीएलओ, जोडवर्ग, समुपदेशक नसणं, ते खुशाल मांडा, शिक्षण परिषदेत मांडा, संघटनेकडून निवेदन द्या, पेपरात पत्र लिहा. त्यात कुठल्या पोराचं नाव, अक्षर, फोटो लागतच नाही.

सड्यावरचा मास्तर
परिषदेत वर्षानुवर्षं मांडतोय साहेब. इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच येतं. पण पेपरचा फोटो टाकायला नको होता, हे रापणकरांचं वाचून पटलं.

खाडीपलीकडची बाई
रापणकर, तुमची पोस्ट मी सरांना जशीच्या तशी दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पोस्ट काढली. पण स्क्रीनशॉट फिरतायत त्याला काय करणार. उद्या शाळा सुटल्यावर मी आणि मुख्याध्यापक त्याच्या घरी जातोय, सरही येतो म्हणाले. त्या उत्तराला गुण द्यायचे आणि ते घरच्यांसमोर सरांनीच सांगायचं असं ठरलंय. काका तापट आहे, तर आधी आजीशी बोलावं की सगळ्यांना एकत्र बसवावं? कोणाला अनुभव असेल तर आज रात्रीच सांगा.

रापणकर
आधी आजीशी. आणि सकाळी जावा, संध्याकाळी काका घरात असतलो.