मदत हवी आहे: एमआरआय नॉर्मल आलाय, 'एआय ब्रेन ॲनालिसिस'वर 18,000 घालवावेत का? (सोलापूर)

जेकॉर्डवाला

नमस्कार मंडळी,

विषय घरचा आहे, त्यामुळे ओळख पटेल असं काही लिहीत नाही. मामेभाऊ, वय 22. कॉलेज सुटलं, रात्र रात्र जागायचा, गच्चीवर एकटाच कुणाशी तरी बोलायचा. इथल्याच मानसोपचारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया सांगितला आणि गोळ्या चालू केल्या. गाठ, जंतुसंसर्ग असं दुसरं काही नाही ना, एवढं बघायला मेंदूचा एमआरआय करून घेतला. रिपोर्ट नॉर्मल.

इथून घरात राडा. मामी म्हणते, "मशिनीत कायच दिसंना, मग गोळ्या कशाला? पोरगं नाटक करालंय बघा." गोळ्यांनी त्याला झोप येते, वजन वाढलंय, ते मात्र सगळ्यांना दिसतं. डॉक्टर समजावतात, पण ओपीडीच्या गर्दीत किती वेळ देणार?

त्यात कुणीतरी मामाला एका ठिकाणचं कार्ड दिलं. तिथे म्हणे एमआरआयची सीडी दिली की कॉम्प्युटर मेंदूच्या एकेका भागाचं माप काढतो आणि आजार किती टक्के आहे ते छापून देतो. फी 18,000. नमुना रिपोर्ट मी बघितला. मेंदूचं लाल-निळं चित्र, खाली 'स्किझोफ्रेनिया मॅच 87 टक्के' आणि बारीक अक्षरात 'अचूकता 96 टक्के'. मामा भिशीचे पैसे काढायला निघालाय. त्याला वाटतं, कागदावर टक्का आला की मामी ऐकेल.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलची जेकॉर्ड डिझाइनं करतो. दिवसभर चौकटींचा ग्राफ समोर असतो, त्यामुळे एमआरआय म्हणजे बारीक घनांचा ग्राफ आणि प्रत्येक घनात करड्या छटेचा एक आकडा, हे लगेच कळलं. फ्रीसर्फर नावाचं मोफत सॉफ्टवेअर लिनक्सवर टाकून सीडीवरचा स्कॅन रात्रभर चालवला. सकाळी हिप्पोकॅम्पसचं (मेंदूच्या आतला, आठवणींशी संबंधित भाग) घनफळ, कॉर्टेक्सची (मेंदूचा बाहेरचा थर) जाडी अशा आकड्यांची फाईल तयार. म्हणजे मापं तर फुकट निघतात. पैसे कशाचे?

वाचलं की या आजारात हिप्पोकॅम्पस लहान आणि मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या असतात, आणि पोकळ्यांचं तर 1976 मध्येच इंग्लंडमध्ये सीटी स्कॅनवर दिसलं होतं. मग रेडिओलॉजिस्टला का दिसत नाही? आणि इतक्या वर्षांत त्याची साधी तपासणी का निघाली नाही? हा टक्का खरा मानायचा का, आणि मामीला काय सांगू? सीडी एखाद्या संशोधनाला देता येत असेल तर तेही सांगा. जाणकारांनी कृपया लिहावं.

शेंगापोळी

सरळ धंदा आहे. त्या पैशात गोळ्यांचे किती महिने निघतील ते मोजा.

उजनीकाठ

सरसकट नावं ठेवू नका. आमच्या आतेबहिणीला लहानपणापासून फिट्स यायच्या. साध्या एमआरआयमध्ये काही नव्हतं. मोठ्या केंद्रात 3 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीनवर अपस्मारासाठीचा वेगळा एमआरआय केला, कॉम्प्युटरवर कॉर्टेक्सची जाडी मोजली, तेव्हा दोष सापडला. ऑपरेशन झालं, आता बरी आहे. तेही कॉम्प्युटरचंच काम ना?

करडा_पदार्थ

मूळचा बार्शीचा, सध्या बेंगळुरूत मेंदूच्या स्कॅनच्या डेटावर काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल बोलणार नाही. एवढंच, की या रिपोर्टच्या भरवशावर गोळ्या थांबवू नका.

जेकॉर्डवाला भाऊ, हिप्पोकॅम्पस लहान असतो हे खरं, पण सरासरीत. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने 2016 मध्ये 2,028 रुग्ण आणि 2,540 निरोगी माणसांच्या स्कॅनची मापं एकत्र केली. मेंदूच्या खोल भागांमध्ये सगळ्यात मोठा फरक हिप्पोकॅम्पसचाच निघाला. आता त्या फरकाचा अर्थ बघा. एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस डोळे मिटून निवडला, तर रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान निघेल 100 पैकी सुमारे 63 वेळा. नुसता छापा-काटा केला तरी 50 वेळा बरोबर येतं. दोन्ही गटांच्या मापांचे आलेख चार-पंचमांश एकमेकांवर चढलेले आहेत. रेडिओलॉजिस्टची नजर कमी पडली असं नाही, एकट्या माणसात बघण्यासारखं तिथे काही नसतंच. तुमच्या फाईलमधल्या आकड्यावरूनही मला काही सांगता येणार नाही, दुसऱ्या कुणाला येत असेल तर त्याच्यापासून सावध राहा.

96 टक्क्यांचं गुपित बहुतेकदा असं असतं. एका माणसाच्या एमआरआयचे शे-दीडशे काप असतात. काही काप मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, शिकवायला वापरतात आणि त्याच माणसाचे उरलेले परीक्षेला. मॉडेल आजार ओळखायला शिकत नाही, माणूस ओळखायला शिकतं. अल्झायमरवरच्या अशा अभ्यासांची 2020 मध्ये झडती घेतली, तर निम्म्याहून अधिक पेपरांत अशी गळती असण्याची शक्यता दिसली. बरं, गळती नसली तरी 1.5 आणि 3 टेस्लाच्या मशीनची मापं जुळत नाहीत. तंबाखू, दारू, खुद्द औषधं यांचाही मेंदूच्या मापांवर परिणाम होतो. आणि रुग्ण स्कॅनमध्ये जास्त हलतो. हललं की करडा भाग आहे त्यापेक्षा कमी मोजला जातो. म्हणजे मॉडेल 'हा हलला' एवढंच ओळखतं आणि कागदावर आजार छापून येतो.

त्या लोकांना फोन करून विचारा: मॉडेल कुठल्या रुग्णांवर शिकवलं, तुमच्या सेंटरच्या मशीनवर कधी तपासलं, आणि स्किझोफ्रेनिया व बायपोलर (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी येणारा आजार) त्याला वेगळे ओळखता येतात का. शेवटचा प्रश्न मुद्दाम. निरोगी विरुद्ध रुग्ण हे सोपं गणित झालं. डॉक्टरला खरी अडचण असते ती या आजारातून तो आजार वेगळा काढायची.

उजनीकाठ, तुमचं उदाहरण बरोबरच आहे, पण अपस्मारात फिट कुठून सुरू होते हा एका जागेचा प्रश्न असतो. कॉम्प्युटरने दाखवलेली जागा ईईजीशी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) ताडून बघता येते आणि ऑपरेशननंतर खरं-खोटं कळतं. स्किझोफ्रेनियात बोट ठेवता येईल अशी एक जागा नाही. म्हणूनच हे संशोधन मोठाल्या गटांवर चालतं. मेंदूची ठेवण आणि माणसाचं वागणं यांचा संबंध खात्रीने पकडायला हजारो स्कॅन लागतात, असं 2022 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आकडेवारीनिशी आलं. तोवर वीस-पंचवीस जणांवरचे अभ्यास सर्रास छापले जात होते. आमच्या क्षेत्राची ती जुनी खोड.

सीडी अशी सुटी कुणी घेत नाही. संशोधनात सगळ्यांचे स्कॅन ठरलेल्या पद्धतीनेच काढावे लागतात, शिवाय एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती लागते. इथल्या निम्हान्ससारख्या (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) संस्थांत असे अभ्यास होतात, तिथे गेलात तर विचारा. अनोळखी वेबसाइटवर मात्र फाईल चढवू नका. त्यात नाव आणि जन्मतारीख असते, आणि त्या स्कॅनमधून चेहराही पुन्हा उभा करता येतो.

मामींना सांगा, अर्धशिशीत डोकं फुटायची वेळ येते तेव्हाही एमआरआय नॉर्मलच येतो. त्याला कुणी नाटक म्हणतं का?

शेंगापोळी

करडाभाऊ, दंडवत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबरही फुकट आहे, मराठीत बोलतात. मामींनाच बोलू द्या.

जेकॉर्डवाला

सगळ्यांचे आभार. फोन केला. पहिल्या प्रश्नाला "आमचा ग्लोबल डेटा आहे," दुसऱ्याला "सायंटिफिक टीम मेल करेल." बायपोलरचं विचारलं तर म्हणाले, त्याचं पॅकेज वेगळं आहे! हे ऐकल्यावर मामाने भिशीचा विषय बंद केला.

मामीला अर्धशिशी लग्नाआधीपासून आहे. तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पटलं असं म्हणणार नाही, पण पुढच्या तारखेला डॉक्टरांकडे स्वतः येते म्हणाली. टेलिमानसचा नंबरही तिच्या मोबाईलमध्ये टाकून दिलाय. हिप्पोकॅम्पसचा आकडा मी घरात कुणाला दाखवलेला नाही, दाखवणारही नाही.

आता त्या भेटीत वजनाचं विचारायचं आहे. गोळी बदलून किंवा खाण्यात फरक करून घरातल्या कुणाला फायदा झाला असेल, तर डॉक्टरांना नेमकं काय विचारलंत ते सांगा. इथे नको वाटलं तर व्यनि करा.