टाकी रिकामी तरी पेट्रोल भरताना नोझल सारखं टक् करून बंद होतंय

रिकामी_टाकी:
मंडळी वैताग आलाय. गेले दोन महिने पेट्रोल भरायला गेलं की दोन-तीन लिटर जातंय न जातंय तोच नोझल टक् करून बंद. परत दाबा, परत टक्. काटा पार तळाला असतो तरी. आधी वाटलं पंपाचंच काहीतरी, म्हणून तीन वेगळ्या पंपांवर जाऊन बघितलं, सगळीकडे तेच रडगाणं, आणि मागे लाइन लागली की लोक असे बघतात जसं काही मीच मुद्दाम करतोय. गाडी आठ वर्षं जुनी, चालते मस्त, ॲव्हरेज नेहमीचंच, चेक इंजिनचा दिवा पण नाही. त्या नोझलच्या सेन्सरनं माझ्याच गाडीवर का डूख धरलाय?

तेलकट_हात:
दादा, नोझलमध्ये सेन्सर-बिन्सर काही नसतो, सगळा हवेचा खेळ. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक दिसेल, तिथून एक नळी आतून मुठीपर्यंत जाते. पेट्रोल वाहताना मुठीत एका अरुंद गळ्यातून जातं, तिथं ओढ तयार होते आणि ती त्या भोकातून हवा खेचत राहते. हवा मिळतेय तोवर सगळं निवांत. भोक पेट्रोलनं झाकलं की हवा बंद, ओढ वाढते, आतला पातळ पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. स्ट्रॉचं खालचं टोक बोटानं दाबून ओढा, गाल कसे आत जातात, तेच.
म्हणजे टाकी भरली की नाही हे नोझलला कळतच नाही, भोकापाशी पेट्रोल आलं एवढंच कळतं. तुमच्या केसमध्ये पेट्रोल टाकीत उतरायच्या आधीच नरड्यात तुंबतंय. ३० लिटर आत जायचं तर तेवढीच हवा आणि वाफ बाहेर पडायला हवी ना, तिचीच वाट कुठंतरी चोंदलीये. तीन पंपांवर तेच होतंय म्हटल्यावर दोष गाडीतच, पंपाला शिव्या देऊ नका.

जुगाडू:
माझ्याकडे पण सेम होतं. नोझल थोडं बाहेर ओढायचं, तोंड आडवं फिरवायचं आणि निम्मंच दाबायचं, जातं सगळं. मी वर्षभर असंच भरतोय 😄

तेलकट_हात:
@जुगाडू चालतं, पण अगदीच बारीक धार ठेवली तर ती ओढ तयारच होत नाही, मग टाकी खरंच भरली तरी नोझल बंद होणार नाही आणि पेट्रोल चपलेवर. डिझेलवाल्यांना फेसामुळे पण लवकर टक् होतं, तिथं सावकाश भरणं ठीक. इथं मात्र दुखणं वेगळं आहे.

कोपऱ्यातला_कोळी:
टाकीतली वाफ थेट बाहेर सोडत नाहीत, ती कोळशाच्या डब्यातून जाते, कॅनिस्टर म्हणतात त्याला. कोळसा वाफ धरून ठेवतो, हवा पुढं जाते, नंतर इंजिन ती वाफ ओढून जाळतं. आता खरं सांगा, टक् झाल्यावर "अजून थोडं, अजून थोडं" करत गळ्यापर्यंत भरायची सवय आहे का? तसं केलं की वाफेऐवजी पातळ पेट्रोलच डब्यात शिरतं, कोळसा भिजतो आणि वाट बंद होते. डबा बदलायला निघालात तर खिसा हलका होतो म्हणून आधी स्वस्तातलं बघा, डब्याची बाहेरची नळी, तिथला व्हॉल्व्ह आणि फिलरचा होस (झाकणापासून टाकीपर्यंत पेट्रोल नेणारा पाइप) कुठं दुमडलाय का ते. नळीत काहीही निघतं. २०११ मध्ये माझदानं अमेरिकेत माझदा सिक्स गाड्या परत बोलावल्या होत्या कारण काय तर कोळ्यांनी डब्याच्या त्याच बाहेरच्या, हवा सोडायच्या नळीत जाळी केलेली. माझं नाव त्यावरून नाही, योगायोग आहे 🙂

रिकामी_टाकी:
@कोपऱ्यातला_कोळी गळ्यापर्यंत भरायची सवय... होती. आता काय बोलणार. शनिवारी गॅरेजला नेतो.

रिकामी_टाकी:
अपडेट. मेकॅनिकनं गाडी वर घेतली, मागच्या चाकाजवळची डब्याची नळी काढली आणि फुंकर मारली, हवा जाईचना. वाकवून बघितलं तर तोंडाशी करंगळीच्या पेराएवढा वाळलेल्या मातीचा गोळा, एकदम गुळगुळीत लिंपलेला. कुंभारीण माशीचं घर! स्क्रूड्रायव्हरनं फोडलं तर आतून सात-आठ सुकलेले कोळी पडले, ती पिल्लांसाठी भरून ठेवते म्हणे. म्हणजे @कोपऱ्यातला_कोळी, कोळी निघाले खरे पण घरमालक दुसरंच कोणीतरी होतं.
नळी साफ केली, डबा झटकून बघितला, कोरडा आहे, तोच परत बसवला. येताना टाकी भरली, एका दमात ३४ लिटर आणि एकच टक्.

जुगाडू:
थांबा मी पण गाडीखाली बघून येतो