गेटवरचा 'ट्यूशन्स'चा बोर्ड

सर (४०४): नमस्कार. गेटवर नवा बोर्ड दिसला, 'वी टेक होम ट्यूशन्स'. शिकवणी या अर्थी ट्यूशनला शेवटी 'एस' लागत नाही. आणि शिकवणारा ट्यूशन 'टेक' करत नाही, 'गिव्ह' करतो. पोरं रोज तेच वाचतात. कृपया बोर्ड बदलावा.

वहिनी (१०१): बोर्ड कुणाचा ते तुम्हाला माहीत होतं सर. दारात येऊन सांगितलं असतं तर चहा पण झाला असता.

अण्णा (३०२): इंग्लिश ऱ्हाऊ द्या. जिन्यातल्या चपला कोण उचलणार? काल आई पडता पडता वाचली.

वहिनी (१०१): रॅक करायला टाकलाय, अण्णा.

अण्णा (३०२): गणपतीपासनं टाकलाय!

बंटी (२०५): ओ सर, सगळं कोल्हापूर ट्यूशन्सच म्हणतंय. आमची दहावी निघालीच की 😄

सर (४०४): मराठीत बोलताना खुशाल म्हणा. इंग्रजीत लिहिताना 'गिव्ह प्रायव्हेट ट्यूशन' किंवा 'प्रायव्हेट लेसन्स'. लेसनला 'एस' चालतो, ट्यूशनला नाही.

माई (१०३): आमची लेक अमेरिकेत आहे. तिकडं ट्यूशन म्हणजे कॉलेजची फी. शिकवणीला ट्यूटरिंग म्हणतात.

बंटी (२०५): माई, येताना चॉकलेट आणायला सांगा 🙏

अण्णा (३०२): मुळात घरात शिकवण्या चालतात का? शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८. शिक्षकांना बंदी आहे.

वहिनी (१०१): ती शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकांना. मी कुठल्या शाळेत आहे? अर्धवट वाचून टाकू नका.

सर (४०४): त्या कलमातसुद्धा 'प्रायव्हेट ट्यूशन' असंच छापलंय. 'एस' नाही.

बंटी (२०५): सर काय सोडत न्हाईत 😂

चेअरमन: चपलांचं रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. इथं वाद नको.

वहिनी (१०१): बरं. 'प्रायव्हेट ट्यूशन, ५ वी ते १० वी' असं करते. रंगाऱ्याचे पैसे कोण देणार?

सर (४०४): मी देतो. शनिवारी सकाळी उभा राहून लिहून घेतो. 'यू'नंतरचा 'आय' रंगारी हमखास खातात. टी-यू-आय-टी-आय-ओ-एन.

वहिनी (१०१): या मग. चहा टाकते.

अण्णा (३०२): जिन्यातनं जपून या सर.