रोटाव्हायरसचा संसर्ग जवळपास प्रत्येक मुलाला होतोच, मग लस कशासाठी?

प्रश्न (कोपरी, ठाणे)

माझी मुलगी दीड महिन्यांची होत आली असून पुढच्या आठवड्यात महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तिला पहिल्या लशींसोबत रोटाव्हायरसचा डोस द्यायचा आहे. पाच वर्षांच्या आत जवळपास प्रत्येक मुलाला जुलाब घडवणाऱ्या या विषाणूचा संसर्ग होतो आणि त्यातून प्रतिकारशक्ती तयार होते, असे वाचनात आले. सासूबाईंचेही म्हणणे आहे की त्यांच्या वेळची मुले जुलाब सोसूनच काटक झाली. लस द्यायची हे आमचे ठरलेले आहे. परंतु संसर्गातून येणारी प्रतिकारशक्ती आणि लशीतून येणारी प्रतिकारशक्ती यांचा संबंध काय, हे जाणकारांनी सांगावे. मुलगी केवळ अंगावरच्या दुधावर आहे; त्यामुळे लशीचा परिणाम कमी होतो का?

उत्तर (ऐरोली, सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका)

ताई, सासूबाईंचे निरीक्षण निराधार नाही. भारतीय लस अशाच एका निरीक्षणातून जन्माला आली आहे. 1980च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या एम्समधील नवजात बालकांच्या विष्ठेत रोटाव्हायरस आढळला, पण त्या बाळांना जुलाब झाले नव्हते. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांवर पुढे लक्ष ठेवले, तेव्हा त्यांना नंतरच्या काळात रोटाव्हायरसचे जुलाब इतर मुलांपेक्षा कमी होतात असे दिसले. 116ई नावाचा तो विषाणू मूळचा माणसातलाच, मात्र त्यात गुरांच्या रोटाव्हायरसचे एक जनुक निसर्गतःच मिसळलेले होते. त्याच्यापासून भारत बायोटेकने रोटाव्हॅक तयार केली. बाळांनी स्वतःच दाखवलेली वाट शास्त्रज्ञांनी इतक्या चिकाटीने चालावी, याचे मला आजही अप्रूप वाटते.

एका संसर्गाने पुरते संरक्षण मिळत नाही. मेक्सिकोतील 1996च्या अभ्यासात दोन संसर्ग झालेल्या मुलांना पुन्हा तीव्र जुलाब झाले नाहीत. वेल्लोरच्या 2011च्या अभ्यासात मात्र तीन संसर्गांनंतरही मध्यम व तीव्र आजारापासूनचे संरक्षण 79 टक्केच होते. आपल्याकडे लशीचे तीन डोस का लागतात आणि तिच्याकडून संसर्ग पूर्ण टळण्याची नव्हे, तर आजाराची तीव्रता घटण्याची अपेक्षा का ठेवायची, हे यावरून लक्षात येईल. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथील चाचणीत रोटाव्हॅकने तीव्र आजाराचे प्रमाण सुमारे 54 टक्क्यांनी कमी केले. हा आकडा कमी वाटला, तरी लस येण्यापूर्वी जुलाबामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या आपल्या देशातील पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे 40 टक्के मुलांना रोटाव्हायरसची लागण असे, हे ध्यानात घ्यावे. नैसर्गिक प्रतिकारशक्तीची किंमत पहिल्याच संसर्गात द्यावी लागते, आणि लहान बाळाच्या शरीरातील पाणी काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. सासूबाईंना काटक झालेली मुले आठवतात. जी त्यातून वाचली नाहीत, त्यांचाही हिशेब धरायला हवा.

उत्तर (वाशी, लसीकरण परिचारिका)

दुधाबद्दल निश्चिंत राहा. आईच्या दुधातील प्रतिपिंडे तोंडावाटे दिलेल्या लशीच्या विषाणूला अडवू शकतात, अशी शंका होती. परंतु भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत डोसच्या आधी व नंतर काही वेळ दूध न देऊन पाहिले, तेव्हा लशीचा परिणाम वाढला नाही. म्हणून भूक लागली की पाजावे. रोटाव्हॅक पाच थेंब देतात, तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल अडीच मिलिलिटर देतात; मात्रा वेगळी दिसली म्हणून घाबरू नये. पुढचे डोस दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात द्यावेत. लस घेऊनही जुलाब झाले, तर ओआरएस आणि झिंक यांना पर्याय नाही.

प्रश्नकर्ती

दोघींचे मनापासून आभार. माझ्या बहिणीचा मुलगा आठ महिन्यांचा असून गावी असल्यामुळे त्याचा एकही डोस झालेला नाही. आता देता येईल का?

उत्तर (वाशी)

होय. सरकारी लसीकरणात पहिला डोस वर्षाच्या आत केव्हाही सुरू करता येतो आणि पुढचे दोन डोस चार-चार आठवड्यांच्या अंतराने दिले जातात. लसीकरणाचे कार्ड घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जावे.